फॉस्टर पालकांचं रोजचं काम: आदेश हाती आल्यापासून मूल परत जाईपर्यंत

सरकारी कागदावर या व्यवस्थेला प्रतिपालकत्व म्हणतात, बोलताना सगळे फॉस्टर केअरच म्हणतात. आईवडील आजारी, तुरुंगात, व्यसनात किंवा अन्य कारणाने मुलाला सांभाळू शकत नाहीत, तेव्हा त्या मुलाला संस्थेत न ठेवता एखाद्या कुटुंबात ठेवायचं, अशी ही सोय आहे. तिचा आधार बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 चं कलम 44. कायदा देशभर एकच आहे, नियम मात्र राज्याराज्यांचे. महाराष्ट्राचे नियम 2018 चे आहेत.

काही देशांत फॉस्टर पालकाला परवाना मिळतो. आपल्याकडे तसा कागद नसतो. जिल्हा बाल संरक्षण कक्ष तुमचं कुटुंब योग्य ठरवतो आणि विशिष्ट मुलासाठी बाल कल्याण समिती, म्हणजे अशा मुलांबद्दल निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती, आदेश काढते. तुमचा सगळा अधिकार त्या आदेशातून येतो. मूल तुमच्या घरी राहतं, जेवतं, शाळेत जातं, पण त्याचं नाव, आडनाव, वारसा आणि आईवडील त्याचे त्याच्याकडेच राहतात. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढची कागदपत्रं, भेटी आणि नोंदी कशासाठी आहेत ते आपोआप कळतं.

निवड होताना काय पाहतात

अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयातल्या बाल संरक्षण कक्षात करता येतो. दत्तकासाठी जे केंद्रीय पोर्टल आहे, तिथे आता फॉस्टर पालकांनाही नोंदणी करता येते. 2024 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनंतर अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित अशा एकट्या व्यक्तीही पात्र झाल्या. वय किमान 35 हवं. एकट्या पुरुषाकडे मुलगी देत नाहीत. जोडपं असेल तर लग्नाला किमान 2 वर्षं झालेली असावीत आणि दोघांची तयारी हवी. एकाचा उत्साह आणि दुसऱ्याची नाराजी पहिल्या गृहभेटीतच उघडी पडते.

घरातल्या प्रत्येकाचा वैद्यकीय अहवाल मागतात. त्यात क्षयरोग, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी या तपासण्या येतात. पोलीस पडताळणी होते. सामाजिक कार्यकर्ती घरी येते तेव्हा दिवाणखान्यापेक्षा मूल कुठे झोपणार, त्याचे कपडे कुठल्या कप्प्यात राहणार आणि संडास-बाथरूमला आतून कडी आहे का, हे बघते. घरात भाडेकरू असेल, येऊन-जाऊन राहणारा दीर असेल, आजोबांना औषध चालू असेल, तर ते आधीच सांगा. अशा गोष्टींमुळे अर्ज सहसा फेटाळला जात नाही. लपवलेली गोष्ट नंतर कळली तर मात्र मूल हलवलं जातं, आणि त्याची शिक्षा मुलालाच होते.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. आजी, मामा किंवा काका मूल सांभाळत असतील तर त्यांना बहुधा क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेकडे पाठवलं जातं. 2023 पासून त्या योजनेत मुलाला दरमहा 2,250 रुपये मिळतात. प्रतिपालकत्वासाठी मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेतून दरमहा 4,000 रुपये ठरलेले आहेत. दोन्ही योजना एकाच कार्यालयाच्या अखत्यारीत असल्या तरी अर्ज वेगळे आहेत. आणखी एक: ही रक्कम वेळेवर येईलच असं धरून घरखर्च बसवू नका. काही महिन्यांची एकदम येते. निदान 3 महिने मुलाचा खर्च स्वतःच्या खिशातून झेपेल एवढी तयारी ठेवा.

आदेश नीट वाचा

आदेश हातात पडला की तिथेच बसून वाचा. मुलाच्या नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, ताबा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, पुढची तारीख कधी, आईवडिलांच्या भेटीबद्दल काय लिहिलं आहे, हे पाहा. आधार कार्डावर एक नाव आणि आदेशात दुसरं असेल तर त्याच दिवशी दुरुस्ती मागा. चूक नंतर शाळेत, बँकेत आणि दवाखान्यात तिप्पट वेळ खाते. आदेशाच्या 5 साक्षांकित प्रती मागून घ्या.

अल्पमुदतीचं प्रतिपालकत्व जास्तीत जास्त 1 वर्षाचं असतं. त्याहून अधिक काळाचं ते दीर्घमुदतीचं, आणि समिती ते मूल 18 वर्षांचं होईपर्यंत टप्प्याटप्प्याने वाढवू शकते. मुदत संपण्याच्या दीड महिना आधी मुदतवाढीचा अर्ज द्या आणि पोच घ्या. हे सगळ्यात जास्त राहून जातं. 'कार्यालयातून फोन येईल' म्हणून घरचे थांबतात, तारीख उलटते, आणि मग अनुदान अडकतं, शाळा नवा कागद मागते, शस्त्रक्रियेच्या संमतीवर सही कोणी करायची हा प्रश्न येतो.

मूल संस्थेतून येत असेल तर निघण्यापूर्वी मागायच्या गोष्टी: बाल अभ्यास अहवाल, लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याची फाईल, चालू औषधं आणि त्यांची चिठ्ठी, आधार, शाळा सोडल्याचा दाखला, भावंडं कुठे आहेत त्याची माहिती. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावं असं कायदाच सांगतो. वेगळी ठेवली असतील तर भेटीची व्यवस्था काय, हे लेखी घ्या. शिवाय तिथल्या ताईंना विचारा: झोपताना दिवा लागतो का, काय खात नाही, कशाला घाबरतं, रडल्यावर कशाने शांत होतं. ही उत्तरं कुठल्याच अहवालात नसतात.

पहिला आठवडा

नातेवाइकांना मूल बघायला बोलावू नका. औक्षण करून आत घ्या, घर दाखवा. पाण्याचा माठ कुठे, रात्री संडासच्या दिव्याचं बटण कुठे, भूक लागली तर कुठल्या डब्यात काय, हे हाताला धरून दाखवा. 'आई-बाबा' म्हणायची सक्ती नको. मावशी-काका, ताई-दादा, जे त्याच्या तोंडी येईल ते चालेल. त्याला स्वतःची आई असते आणि ती जागा आपण मागायची नसते.

त्याची जुनी पिशवी, फाटका सदरा, मळकी गोधडी फेकू नका. शक्य असेल तर लगेच धुऊही नका, कारण त्या कापडाला येणारा वास हीच त्याच्याजवळची घरची एकमेव ओळखीची खूण असू शकते. उवा आणि खरूज मात्र लगेच बघाव्या लागतात. उवांसाठी 1 टक्का परमेथ्रिनचं लोशन 10 मिनिटं लावून धुतात, बारीक फणीने लिखा काढतात आणि 7 ते 9 दिवसांनी पुन्हा करतात. खरजेसाठी डॉक्टर परमेथ्रिनचंच 5 टक्क्यांचं मलम देतात. ते मानेपासून पायाच्या बोटांच्या बेचक्यांपर्यंत रात्रभर ठेवायचं, आठवड्याने पुन्हा लावायचं, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं. फक्त मुलाला लावलं तर ती फिरत राहते, शिवाय 'हा आजार घेऊन आला' असं मुलाच्या कानावर पडतं. धुता न येणारे कपडे घट्ट बांधलेल्या पिशवीत निदान 3 दिवस ठेवा. म्हणजे गोधडीचाही प्रश्न सुटतो.

काही मुलं पोळी खिशात, भात उशीखाली ठेवतात. उपाशी राहिलेलं मूल पुढच्या वेळची तजवीज करत असतं. रागावलात तर लपवायची जागा बदलते, सवय तशीच राहते. घट्ट झाकणाचा एक डबा त्याच्या नावाचा करा. त्यात चिक्की, खारे शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू असं मुंग्या न लागता टिकणारं ठेवा आणि रोज संध्याकाळी त्याच्यादेखत भरा. डबा कधीच रिकामा राहत नाही याची खात्री पटायला काही आठवडे लागतात, कधी महिने. मग एक दिवस तो डबा भरलेलाच सापडतो.

अंथरूण ओलं होणं हेही नेहमीचं. गादीवर प्लॅस्टिक, त्यावर चादर, आणि बदलायला दुसरी चादर हाताशी. सकाळी घरभर बोभाटा नको. लघवीतला संसर्ग, बद्धकोष्ठता, जंत यांपैकी काही आहे का ते डॉक्टरांकडून तपासून घ्या.

सुरुवातीचे दिवस मूल फार गुणी वागतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उलटून बोलणं, वस्तू फोडणं, खोटं बोलणं सुरू होतं आणि घरचे घाबरतात. त्या वेळी मूल तपासत असतं की हे लोकही मला सोडून देणार का. हात उगारायचा नाही, कुठल्याही परिस्थितीत नाही. मुलाशी क्रूरपणे वागणं गुन्हा ठरवणारं बाल न्याय कायद्याचं कलम 75 आहेच. त्याहून मोठं कारण असं, की ज्याने आधी मार खाल्ला आहे त्याच्यासाठी एक थप्पडसुद्धा जुन्या घराचं दार उघडते. नियम मोजकेच ठेवा आणि रोज तेच ठेवा: जेवणाची वेळ, झोपेची वेळ, न सांगता बाहेर जायचं नाही. स्वतःच्या मुलांसाठी एक नियम आणि याच्यासाठी दुसरा, असं होऊ देऊ नका. तुमच्या मुलांनाही आठवड्यातून थोडा वेळ फक्त त्यांचा असा द्या. घरात मुलांचं बिनसलं म्हणून ठेवलेलं मूल परत नेल्याची उदाहरणं कमी नाहीत.

दवाखाना

पहिल्या 10 दिवसांत पूर्ण तपासणी करा: वजन, उंची, हिमोग्लोबिन, डोळे, दात, कान. लसीकरणाचं कार्ड नसेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवून राहिलेल्या लसी घ्या. 10 आणि 16 वर्षांची टीडी (धनुर्वात-घटसर्प) लस हमखास राहिलेली असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळा-अंगणवाडीत येऊन 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी करतं. पुढचे उपचारही सरकारी रुग्णालयांतून मिळतात. अपंगत्व असेल तर यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढून घ्या. झोप न लागणं, सतत दचकणं, स्वतःला इजा करणं दिसलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, आणि जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो.

अपघात, तीव्र ताप, सर्पदंश अशा वेळी आधी उपचार. परवानगीसाठी थांबायचं नाही. त्याच दिवशी बाल संरक्षण कक्षाला आणि समितीला फोन करा, मग लेखी कळवा. ठरवून करायची शस्त्रक्रिया, भूल किंवा मनोविकाराची दीर्घकाळाची औषधं असतील तर आधी समितीला अर्ज द्या.

शाळा

दाखला नाही म्हणून 6 ते 14 वयाच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 मध्ये तीन गोष्टी स्पष्ट आहेत: वयाचा पुरावा नसला तरी प्रवेश, जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी प्रवेश, आणि वयानुरूप इयत्ता. मुख्याध्यापक तयार नसतील तर वाद न घालता लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना प्रत पाठवा. बहुतेक वेळा पोच मागितल्यावरच काम होतं.

पालकाच्या रकान्यात स्वतःचं नाव वडील म्हणून घालू नका. जन्मदात्यांची नावं तशीच राहतात. तुमचं नाव 'प्रतिपालक' म्हणून येतं आणि सोबत आदेशाची प्रत जोडायची. सोय म्हणून नाव बदललं तर दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत घोळ चालतो. वर्गशिक्षिकेला फक्त आवश्यक तेवढंच सांगा: मूल आमच्याकडे राहतं, आणायला-सोडायला कोण येणार, कोणाच्या हाती द्यायचं नाही. आईवडिलांची गोष्ट शिक्षक खोलीत पोचता कामा नये.

फोटो आणि बोलणं

बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. 6 महिन्यांपर्यंत कैद, 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वाढदिवसाचा फोटो व्हॉट्सॲप स्टेटसवर टाकणं, सोसायटीच्या ग्रुपवर 'आमच्याकडे आलेलं बाळ' लिहिणं, कौतुकाची बातमी छापून आणणं, सगळं यात येऊ शकतं. फोटो काढा, भरपूर काढा, छापून एका वहीत चिकटवा. ती वही मुलाची. शेजाऱ्यांनी विचारलं तर 'आमच्याकडे शिकायला आहे' एवढं पुरे.

आईवडिलांची भेट

समितीने मनाई केली नसेल तर आईवडील मुलाला ठरावीक काळाने भेटू शकतात. जागा आणि वेळ कक्षामार्फत ठरवा. शक्यतो ती जागा तुमच्या घराबाहेरची असावी. मुलाला आदल्या दिवशी सांगा. आठवडाभर आधी सांगितलं तर झोप उडते. भेटीनंतर मूल जेवणार नाही, चिडेल, पुन्हा अंथरूण ओलं करेल. याचा अर्थ भेट वाईट झाली असा नसतो. त्याला दोन्हीकडची ओढ आहे, एवढाच त्याचा अर्थ. 'काय म्हणाली आई?' अशी चौकशी करू नका. त्याच्यासमोर आईबद्दल वाकडा शब्द काढू नका. 'आता तू कायम इथेच राहणार' किंवा 'लवकरच घरी जाशील' ही दोन्ही वचनं तुमच्या हातातली नाहीत.

पालक न कळवता दारात आले तर दरडावू नका. पाणी द्या, मुलाला आत ठेवा, कक्षाला फोन लावा. कितीही रडारड झाली तरी आदेशाशिवाय मूल कोणाच्याही हाती देऊ नका. पैशाची देवाणघेवाण तर मुळीच नको.

वही आणि तपासणी

कायद्यात दर महिन्याला तपासणी सांगितली आहे. त्यासाठी एक साधी 200 पानी वही पुरते. तारीख, काय घडलं, कोणाला कळवलं, अशा दोन-तीन ओळी. दिसलं ते लिहा, मत लिहू नका. 'हट्टी आहे' यातून कोणाला काही कळत नाही. 'भेटीनंतर 6 ते 7 रडला, रात्री जेवला नाही, दूध घेतलं' यातून समितीला कळतं. खर्चाची बिलं मागच्या कप्प्यात. सोबत एक फाईल: आदेश, आरोग्य, शाळा, बँक, भेटी असे पाच भाग.

तपासणीला आलेल्या व्यक्तीने मुलाशी एकट्याने बोलायचं असतं. तुम्हीच उठून दुसऱ्या खोलीत जा. जिल्ह्याबाहेर मुक्कामी नेताना आधी लेखी कळवा: कुठे, किती दिवस, कोणाकडे. गणपतीला गावी जाणंसुद्धा यात आलं.

मूल बेपत्ता झालं तर शेजारीपाजारी शोधण्यात तास घालवू नका. 112 किंवा 1098 (चाइल्डलाइन) वर लगेच फोन करा आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्या. हरवलेल्या मुलाचा गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितलं आहे. मुलाचा ताजा फोटो आणि अंगावरच्या खुणांची नोंद फाईलमध्ये असू द्या.

मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं, आधीच्या घरातलं असो किंवा आत्ताचं, तर ऐकून घ्या. 'तू सांगितलंस ते बरं केलंस' म्हणा आणि खोदून विचारू नका. त्याचेच शब्द वहीत उतरवा. घटना ताजी असेल तर अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. पॉक्सो कायद्याने (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे.

दत्तक आणि अठरावं वर्ष

दत्तकासाठी पात्र ठरणारं मूल दीर्घमुदतीच्या प्रतिपालकत्वात सहसा दिलं जात नाही. ठरावीक काळ दत्तक कुटुंब न मिळालेल्या मोठ्या किंवा विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी मात्र ही वाट खुली असते. मूल कायदेशीररीत्या दत्तकासाठी मुक्त असेल आणि तुमच्याकडे 2 वर्षं राहिलं असेल, तर तुम्ही दत्तकाचा अर्ज करू शकता. तो अधिकृत मार्गानेच करायचा. बाँडपेपरवर आईच्या सह्या घेऊन 'दत्तक' घेणं बाल न्याय कायद्याच्या कलम 80 खाली गुन्हा आहे.

17 पूर्ण झालं की तयारी सुरू करा: स्वतःचं बँक खातं, रहिवासाचे कागद, पुढचं शिक्षण. 18 नंतर अनुरक्षणाची (आफ्टर केअर), म्हणजे स्वतःच्या पायावर उभं राहण्यासाठीची मदत 21 वर्षांपर्यंत, अपवादाने 23 पर्यंत मिळू शकते. मूल अनाथ असेल तर महिला व बाल विकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र वेळेत काढा. त्यावर महाराष्ट्रात शिक्षण आणि सरकारी नोकरीत 1 टक्का आरक्षण आहे, आणि ऐन प्रवेशाच्या वेळी धावपळ करून ते मिळत नाही.

परत जाण्याचा दिवस

समितीने मूल घरी पाठवायचं ठरवलं तर आधी अर्ध्या दिवसाची, मग मुक्कामी भेट अशी चढती वाट मागा. एकदम एका दुपारी मूल नेऊ नये, एवढी विनंती तुम्ही लेखी करू शकता. सामान भरताना काळी कचऱ्याची पिशवी वापरू नका, चांगली बॅग द्या. त्यात निदान 15 दिवसांची औषधं आणि चिठ्ठी, आरोग्य फाईलची प्रत, दाखला, फोटोंची वही, शाळेतल्या मैत्रिणींची नावं असू द्या. आलं तेव्हा सोबत आणलेली गोधडीही ठेवा. त्याच्या आईला शेजारी बसवून सांगा: रात्री संडासचा दिवा चालू लागतो, वरणात लसूण चालत नाही, गणिताची वही तपासलेली आवडते. समितीची हरकत नसेल तर तुमचा फोन नंबर वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. खाऊचा डबा भरून, झाकण घट्ट लावून, त्याच्या हातात द्या.